विलासचा ॲम्प

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आई होती तोवर तिलाही नाही. दोन घोट पोटात गेल्यावर माणसं जे बोलून जातात, तेही माझ्या तोंडून कधी निघालं नाही — उलट पिणंच कमी केलं, न जाणो जीभ सैल सुटायची. मग आता तुम्हाला का सांगतोय? तुमची-माझी ओळख नाही म्हणून असेल. किंवा मागच्या रविवारी वराळ्याला जे झालं, त्यानंतर मला घरात एका जागी बसवत नाही, म्हणून असेल. खिडकीशी जातो. परत येतो. दोन ओळी लिहितो, पुन्हा उठतो.

ऐकायला गोष्ट किरकोळ वाटेल. कुणाचा जीव गेला नाही. पोलीस नाहीत, कोर्ट नाही. गिटारचा आवाज मोठा करणारा एक ॲम्प जळला — बस. एवढं सांगून थांबलो तर तुम्ही म्हणाल, अरे, एवढंच ना? मीही बरीच वर्षं स्वतःला तेच म्हणत आलो. एवढंच ना?

आधी माणसं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

मी दीपक. लोणावळ्यात एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. कॉलेजात असताना गिटार शिकलो. बऱ्यापैकी वाजवायचो — बऱ्यापैकी, त्याच्या वर नाही. विलास वराळ्याचा. त्याचे वडील भीमगीतं गायचे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. जयंतीच्या दिवसांत तळेगावपासून कामशेतपर्यंत आबांना बोलावणी असायची, आणि विलास लहानपणापासून त्यांच्या मागे बसून बेंजो वाजवायचा. बेंजोवरून तो गिटारवर आला, आपला आपणच. शिकवायला कुणी नाही. तरी तो वाजवायला लागला की मी महिनाभर घासून बसवलेलं सगळं शाळेतल्या पाढ्यांसारखं वाटायचं. दिवसा तो गावाजवळच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला होता. तिसरी रेश्मा, खंडाळ्याची, रेल्वेतल्या माणसाची मुलगी. ती गायची. तालाला मशीन. झाला आमचा ग्रुप. शनिवार-रविवारी खंडाळा-लोणावळ्याच्या हॉटेलांतून वाजवायचो — जुनी हिंदी गाणी, थोडी मराठी, आणि पार्टी रंगात आली की पाहुणे मागतील ते.

आणि विलासचा ॲम्प.

त्याचं कसं सांगू? खंडाळ्यातला एक जुना बंगला विकला गेला, नव्या मालकाने मागच्या खोलीतलं भंगार बाहेर काढलं. तिथं झाडलोट करणाऱ्या मावशी रेश्माच्या ओळखीच्या. त्यांनी निरोप धाडला, एक गाण्याची पेटी पडलीय, लय जड हाय, नेता का? आम्ही गेलो. उंदरांनी वायरी कुरतडलेल्या, आत कोळ्यांची जाळी, आणि त्या जाळ्यांत जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह. मी म्हटलं, सोड, याच्यात काही राहिलं नाही. विलासने ती पेटी मांडीवर घेऊन रिक्षातून घरी नेली.

पुढे कितीतरी महिने तो तिच्यापाशी बसला. कामावरून आला की हातपाय धुवायचा आणि बसायचा. आतला नकाशा त्याने स्वतः पुठ्ठ्यावर काढला होता — कुठली वायर कुठे जाते, काय बदललं, काय जुनंच ठेवलं. एकेक भाग मुंबईहून कुणाकुणाच्या हाती मागवायचा. आणि ज्या दिवशी ती पेटी पहिल्यांदा बोलली, त्या दिवशी मी तिथे होतो. विलासने एकच तार छेडली. आबा खाटेवर आडवे झाले होते, ते उठून बसले. म्हणाले, "आरं, ही तर माणसावानी बोलती."

खरंच बोलायची. माझ्याकडेही ॲम्प होता, पुण्यातून घेतलेला, नवा कोरा, साध्या आजकालच्या बनावटीचा. तो मोठ्याने वाजायचा, एवढंच.

आता एक गोष्ट सांगतो, आणि ही सांगितल्याशिवाय पुढचं सगळं खोटं होईल. मला हेवा वाटायचा. त्याच्या बोटांचा वाटायचा, पण बोटांचं काय करणार? म्हणून मी तो सगळा त्या पेटीवर ढकलला होता. मला वाटायचं, तो ॲम्प माझ्याकडे असता तर मीही तसाच वाजलो असतो. एकदा तरी वाजवून बघावं. मागितला असता तर विलासने हसत दिला असता. पण मला मागायचा नव्हता. मागितला की तो ऐकत बसला असता ना — आणि मग त्यालाही कळलं असतं, मलाही.

त्याच सुमारास विलासने ठरवलं की कारखाना सोडायचा. वडगावात एक लहानसा गाळा त्याने बघून ठेवला होता. दुरुस्तीचं दुकान काढायचं — ॲम्प, माइक, भजनी मंडळांचे स्पीकर, बँडवाल्यांची यंत्रं. मावळात असलं काही बिघडलं की लोक पुण्याला धावतात. ते इथेच का होऊ नये? तळेगावला बाळासाहेब म्हणून एक जण होते, लग्नाकार्याला साउंड भाड्याने देणारे. मोठा पसारा. त्यांनी विलासला म्हटलं होतं, माझं सगळं दुरुस्तीचं काम तुझ्याकडे टाकतो, पण आधी तुझ्या हातचं काहीतरी वाजताना दाखव. विलास म्हणाला, माझा ॲम्पच ऐका की. रविवारी खंडाळ्याला या.

तो रविवार.

मुंबईच्या कुठल्याशा कंपनीचं दुपारचं जेवण होतं, दरीच्या कडेला असलेल्या एका हॉटेलच्या हिरवळीवर. बाकीचं सामान माझ्या घरी असायचं, आणि विलासने आपली पेटी आदल्या रात्री उशिरा तिथेच आणून ठेवली होती, म्हणून मी आणि रेश्मा टेम्पोतून पुढे गेलो. विलासला सकाळी कामावर थांबवून घेतलं होतं, आणि नंतर तो रविवारच्या गाड्यांत अडकला. त्याचा फोन आला. तो आवाज मला अजून जसाच्या तसा ऐकू येतो, मागे हॉर्न वाजताहेत आणि तो ओरडून बोलतोय —

"दीपक, तू समदं जोडून ठेव. तुला म्हाईतच हाय. माझी वायर माझ्या खोक्याला, तुझी तुझ्या. फकस्त माझा चालू करू नगंस. मी आलो की करीन."

मी म्हटलं, हो.

थोडं समजावून सांगतो. ॲम्प ताकद बाहेर टाकतो आणि ती स्पीकरच्या खोक्याने घ्यायची असते. एका ॲम्पला एक खोकं. आमच्या खोक्यांना मागच्या बाजूला दोन-दोन सॉकेट होती. दुसरं कशासाठी, तर पुढे आणखी एक खोकं जोडायचं झालं तर. त्या दुसऱ्यात चुकून दुसरा ॲम्प लावला, तर दोन्ही ॲम्प एकमेकांच्या अंगात ताकद ढकलत बसतात. आणि दोघांतला जो नाजूक असेल, तो आतून भाजतो. हे मला तेव्हा इतकं नीट माहीत नव्हतं. पण एका ॲम्पला एक खोकं — एवढं तर माहीत होतं. विलासने फोनवर तेवढंच सांगितलं होतं.

खोकी हिरवळीच्या कडेच्या भिंतीला टेकवून ठेवलेली, मागे जेमतेम हात जाईल एवढी जागा. मी हात घालून चाचपत पिना बसवल्या. पुढे ओढून बघायचा कंटाळा केला. रेश्मा कपडे बदलायला आत गेली होती. वेटर लांब टेबलांवर ताटं मांडत होते. हिरवळीवर कुणी नव्हतं. आणि समोर तो ॲम्प.

मी चालू केला.

चूक झाली, घाई झाली, असं मी म्हणू शकत नाही. तो मुद्दाम चालू केला. विलास यायच्या आत, कुणी ऐकत नसताना, एकदा तरी मला त्याच्यातून वाजायचं होतं. माझाही चालूच होता. व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले. मी गिटार जोडली आणि वाजवली.

आवाज आला तो भलताच. कुणाच्या तोंडावर उशी दाबावी तसा. मला वाटलं आवाज कमी आहे, म्हणून बटण वर केलं. अजून वर केलं. मग आतून एक घरघर आली, आणि मागोमाग वास — रंग दिलेलं लाकूड उन्हात तापल्यावर येतो तसा. तेव्हा कुठे हात थांबला. दोन्ही बंद केले, खोकं पुढे ओढलं आणि बघितलं. दोन्ही वायरी एकाच खोक्यात होत्या. दुसरं खोकं तसंच मोकळं.

वायर चुकली, हे सांगायला मला लाज वाटत नाही. लाज पुढच्या गोष्टीची आहे. मी आधी इकडे-तिकडे बघितलं. कुणी पाहिलं का? मग विलासची वायर काढून त्याच्या खोक्यात घातली, खोकं मागे सरकवलं, जसं होतं तसं. आणि मग तपासायला लागलो. ॲम्पच्या पाठीवर तळहात ठेवला — गरम होता, पण तो नेहमीच गरम व्हायचा. जाळीला नाक लावून हुंगलं. मोबाइलचा उजेड आत टाकून एकेक व्हॉल्व्ह बघितला, काळा पडलाय का, तडा गेलाय का. फ्यूज काढून बघितला, शाबूत होता. पुन्हा चालू केला, अगदी हळू एक तार छेडली. आवाज स्वच्छ आला. इतका सुंदर आला की मला रडायला आलं.

मी ठरवलं — काही झालेलं नाही. मला कळलं नव्हतं, मी ठरवलं होतं. यातला फरक मला त्या क्षणीसुद्धा ठाऊक होता.

विलास आला तो पळतच. कंपनीचा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. "जोडलंस व्हय? लय बरं झालं," म्हणाला. वाकून मागे बघितलं, वायरी हाताने ओढून बघितल्या. सगळं जागच्या जागी. माझ्या खांद्यावर थाप मारली.

तेव्हा सांगायचं होतं. मी या क्षणाकडे हजार वेळा परत गेलोय. चूक होऊन गेली होती, पण अजून सगळं हातात होतं. 'विलास, माझ्याकडून वायर चुकली, घटकाभर चालू होता' — एवढं म्हटलं असतं तर त्याने त्या दिवशी तो वाजवलाच नसता. माझ्या ॲम्पवर वाजवलं असतं, घरी नेऊन उघडला असता, मीटर लावून बघितला असता. कदाचित एखादा भाग बदलून भागलं असतं. कदाचित नसतंही. पण त्याला कळलं असतं. मी का नाही बोललो? तो चिडला असता म्हणून नाही. विलास चिडत नसे. त्याने विचारलं असतं, 'चालू कशाला केलतास?' आणि त्याचं खरं उत्तर मला द्यायचं नव्हतं.

बाळासाहेब येऊन झाडाखाली खुर्ची टाकून बसले. आम्ही सुरू केलं. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. मी विलासच्या ॲम्पकडे बघत होतो, माझी बोटं कुठे पडताहेत याचं भान नव्हतं. रेश्माने एकदा वळून माझ्याकडे बघितलंही. पुढच्या गाण्यात विलासचा एकट्याचा तुकडा होता, आणि त्याने तो असा काही उचलला — जेवणारी माणसं मान वळवून बघायला लागली. बाळासाहेब पुढे सरकून बसले. मला वाटलं, सुटलो.

मग आवाज फाटला. एकदा, दोनदा. बारीक होत गेला. मागच्या जाळीतून धूर आला, आधी पांढरा, मग पिवळट. एक वेटर बर्फाचं भांडं घेऊन धावला आणि विलास दोन्ही हात पसरून ॲम्पच्या पुढे उभा राहिला — "पाणी नको! पाणी टाकू नका!" पाहुण्यांतलं कुणीतरी हसलं. एक जण म्हणाला, आमचं चिकन तेवढं भाजून द्या. मी पळत जाऊन मेन बंद केला. सगळे म्हणाले, दीपकने प्रसंगावधान राखलं.

बाळासाहेब वाईट वागले नाहीत. जवळ आले, विलासच्या पाठीवरून हात फिरवला. "घरापुरतं ठीक आहे रे पोरा. लग्नाच्या मांडवात असं झालं तर मला लोक उभं करायचे नाहीत." गेले. पुन्हा त्यांचा फोन आला नाही.

उरलेला कार्यक्रम विलासने माझ्या ॲम्पवर वाजवला. मी बाजूला उभा राहून टाळ्यांनी ताल धरत होतो.

उन्हं उतरली तेव्हा आम्ही टेम्पोत बसलो. रेश्मा पुढे, आम्ही दोघं मागे सामानात. विलास त्या पेटीवर हात ठेवून होता. ती अजून कोमट होती. मग तो म्हणाला, "गेल्या आठवड्यात मी त्यातला एक भाग बदलला हुता. तितंच कायतरी चुकलं आसंल माझं." आणि मग, संशयाने नाही, नुसतं मनातला हिशेब पुरा करावा तसं त्याने विचारलं —

"दीपक, मी यायच्या आदी तू चालू केलतास का?"

मी म्हणालो, "नाही."

हेच. हेच सांगायचं होतं मला. एवढी पानं लिहून मी या एका शब्दाभोवती फिरतोय. 'नाही.' त्यावर मी आणखी म्हणालो, "तू नको म्हटलं होतंस ना? मग हात कशाला लावू?" ही भर कुणी मागितली नव्हती. ती मी आपणहून घातली. आणि तो म्हणाला, "व्हय. तू न्हाईच लावणार." त्याने मान खाली घातली आणि मला हायसं वाटलं. खोटं का बोलू? मला हायसं वाटलं.

तुम्हाला वाटेल, झालं, इथे संपलं. नाही.

पुढच्या आठवड्यात मी वराळ्याला गेलो. त्याच्या घरात जमिनीवर पेपर पसरून ॲम्प उघडलेला. त्याने मला दाखवलं — आतला ट्रान्सफॉर्मर जळला होता, तारांचं वेटोळं काळंठिक्कर. "ह्यो जळला हे दिसतंय. का जळला ते घावंना." मग तो म्हणाला, "जरा उजेड धर."

मी बॅटरी धरली. तो पुठ्ठ्यावरचा नकाशा मांडीवर घेऊन बसला आणि एकेक जोड बघायला लागला. प्रत्येक सोल्डरिंगवर बोट ठेवायचा, नकाशात बघायचा, पुन्हा बोट. "हितं बरोबर हाय. हितं बी हाय." सगळं बरोबर होतं! कुठेच काही चुकलेलं नव्हतं, कारण त्याने काही चुकवलेलंच नव्हतं. पण चूक सापडत नाही म्हटल्यावर त्याने असं धरलं की आपल्याला ती दिसतच नाही. आपल्याला तेवढं समजतच नाही. आणि मी तिथे बसलो होतो. तो म्हणेल तिकडे उजेड टाकत. उत्तर माझ्या तोंडात, आणि बॅटरी हातात.

असा मी एकदाच नाही बसलो. पुन्हा पुन्हा गेलो. मित्राच्या मदतीला. मंगलवहिनी — त्याची बायको — मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमी येता म्हणून त्ये जेवत्यात तरी."

एकदा ऑफिसात काम नव्हतं तेव्हा मोबाइलवर शोधून बघितलं. दोन ॲम्प एकाच खोक्याला लागले तर काय होतं? जगभरातल्या लोकांनी विचारलेलं होतं. कुठल्या कुठल्या देशातली माणसं, सगळ्यांची तीच गत — माझ्याकडून असं झालंय, आता काय तपासू? आणि जाणकारांची उत्तरं: आवाज ठीक येतोय म्हणून समाधान मानू नका, आतली इजा ताबडतोब दिसत नाही, जोर पडला की दिसते. मी ते वाचत राहिलो. मला तिथे दिसलं ते दुसरंच. ही माणसं अनोळखी लोकांना बिनदिक्कत सांगत होती, अहो, मी गाढवपणा केला. आणि मला एका माणसाला सांगता येईना. बरं, आता तर पक्कं कळलं होतं. शंकेचा आधारही गेला होता. त्या संध्याकाळी तरी मी गेलो का वराळ्याला? नाही गेलो. मी मोबाइलमधलं ते शोधलेलं पुसून टाकलं.

मग विलासने गाळा सोडला. कारखान्यातच राहिला. सोल्डरिंगचं सामान एका पिशवीत बांधून कुणाला तरी देऊन टाकलं. "माझा हात खोटा हाय त्या कामाला," म्हणायचा. हसून म्हणायचा, पण म्हणायचा. आबा एकदा चिडून म्हणाले, "आसं का बोलतो रं? मी ऐकलीया की तुझी पेटी." आबा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत.

आता सगळ्यात घाण गोष्ट. सांगतो आणि मोकळा होतो — मोकळा होत नाही, पण सांगतो. विलास ग्रुपमध्येच राहिला याचा मला आनंद झाला होता. दुकान निघालं असतं तर तो ग्रुपमधून गेला असता. शनिवार-रविवार तर दुकानाचेच दिवस. आता तो माझ्या ॲम्पवर वाजवायचा. माझ्या ॲम्पवर! कुणी विचारलं की सांगायचा, ह्यो दीपकचा हाय, त्यानं दिला म्हणून माझं चाललंय. मी म्हणायचो, असू दे रे. आणि खरं सांगू? त्याचं वाजवणंही उतरलं होतं. पूर्वी सुटायचा तसा सुटत नसे. सावध वाजवायचा, काहीतरी मोडेल असं वाटत असल्यासारखा. आमच्या दोघांतलं अंतर कमी झालं. एकदा रेश्मा मला म्हणाली, "दीपकदादा, हल्ली तू छान वाजवतोस." मी घरी येईपर्यंत शीळ घालत होतो.

सांगायची वेळ नंतर आली नाही असं नाही. रोज येत होती. वर्ष उलटून गेल्यावर मी स्वतःला नवं कारण दिलं — आता सांगून काय उपयोग, जुनी जखम कशाला उकरा. जखम कुणाची होती? त्याची. उकरायची का नाही हे मी ठरवत होतो. हॉटेलांनी हळूहळू डीजे लावायला सुरुवात केली, ग्रुप आपोआप मिटला, रेश्मा लग्न होऊन कर्जतला गेली. मला वाटलं, चला, आता विषयच संपला. गिटार मी कपाटावर टाकली. पण ट्रान्सफॉर्मर हा शब्द जरी कानावर पडला — वीज गेली की शेजारीपाजारी म्हणतात ना, ट्रान्सफॉर्मर उडाला — की मी तिथून उठून जातो. अजून जातो.

मागच्या रविवारी विलासने बोलावलं. वराळ्यात नव्या इमारती झाल्यात, त्यांतल्या एकीत त्याने फ्लॅट घेतला. घरात बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. केस पांढरे झालेत त्याचे, कारखान्यात आता कायम झालाय, तयार माल तपासायचं काम करतो. मी या वेळी ठरवून गेलो होतो. शपथेवर सांगतो — पण माझ्या शपथेला काय किंमत? — पाहुणे पांगले की त्याला गच्चीवर न्यायचं आणि सांगायचं. वाक्यसुद्धा तयार होतं.

पाहुणे पांगले. मी म्हटलं, "विलास, जरा वर येतोस?" तेवढ्यात मंगलवहिनी आतून आल्या. न्हाणीघरातल्या गीझरचा प्लग ढिला होता, ठिणगी उडाली होती. "ह्यास्नी किती दिस सांगतीया, पण ह्ये वायरीला हातच लावत न्हाईत. साधा दिवा बदलायचा तरी शेजारच्याला हाक."

विलास कसनुसा हसला. शेजारचे एक गृहस्थ अजून बसले होते, त्यांना म्हणाला, "मला त्यातलं कळत न्हाई. एक डाव लय मोठं नुकसान करून बसलोय मी." मग माझ्याकडे हात केला. "ह्यो बघंल. ह्याचा हात खात्रीचा. आमच्या टायमाला ह्यो जोडून ठेवायचा आनि मी डोळं झाकून वाजवायचो."

ते गृहस्थ माझ्याकडे बघून कौतुकाने हसले. वहिनींनी स्क्रूड्रायव्हर आणून हातात दिला.

मी आत गेलो. मेन बंद केला. प्लग उघडला, जळकं टोक कापलं, वायर नव्याने सोलून बसवली, स्क्रू आवळले. ओढून बघितलं. विलास दाराबाहेर उभा होता, बराच मागे, उंबऱ्याच्या पलीकडे. त्याने विचारलं, "झालं?"

मी म्हणालो, "झालं."

मेन चालू करून आलो, तर बटणही त्याने मलाच दाबायला सांगितलं. मी दाबलं. गीझरचा लाल दिवा लागला. वहिनींनी चहा आणला. मी तो प्यायलो, विलासच्या नव्या घराचं कौतुक केलं, आणि वडगावातल्या त्या गाळ्यासमोरून गाडी चालवत लोणावळ्याला परत आलो. त्याला काहीही सांगितलं नाही.